दवाखान्याच्या बिलावर सूट

माणूस आपलं दुखणं डॉक्टरला सांगतो आणि आपलं उत्पन्न मला. दोन्हीकडे थोडं हातचं राखूनच. इंदापुरात तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून मी एकतीस वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरली. त्याआधी सहा वर्षं बारामतीत एका सीएंच्या हाताखाली उमेदवारी केली. पाटीवर ‘कर सल्लागार’ असं लिहिलेलं होतं. लोक म्हणायचे टॅक्सवाले मुलाणी.

संपादकांनी फोन करून सांगितलं, चार गमतीदार अनुभव लिहा. गमती आहेत. बारामतीचे पंप-मोटारींचे एक व्यापारी दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यायचे, खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, “मुलाणी, औंदा घरातलं कोण आजारी पडलेलं चालंल?” आई पडलेली जास्त चालेल, असं मी म्हणायचो. कारण साठीच्या पुढच्या आईबापांच्या विम्यावर सूट जास्त असते. त्यांच्या मातोश्री नव्वदीला आल्या तरी रोज चालत देवळात जायच्या, आणि मुलगा दर मार्चला त्यांच्या नावाने काळजीत पडायचा. आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

पण लिहायला बसलो तसं ध्यानात आलं, की या सगळ्या गमती एकाच बाजूच्या माणसांच्या आहेत. दुसऱ्या बाजूचं एक माणूस चार वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात आलं. तेवढंच सांगतो.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. आरोग्य विम्याचा हप्ता भरला की तेवढी रक्कम, ठरलेल्या मर्यादेत, तुमच्या उत्पन्नातून वजा होते आणि उरलेल्यावर कर लागतो. याला आम्ही ‘ऐंशी-डी’ म्हणत आलो. ऐकायला चांगलं वाटतं. सरकार म्हणतंय, बाबा, तब्येतीची तजवीज कर, आम्ही करात सोडतो. आता हिशेब बघा. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्या डॉक्टरांनी हजार रुपये हप्ता भरला की त्यांचे तीनशे वाचतात. खालच्या टप्प्यातल्या क्लार्कने तेवढाच भरला की पन्नास वाचतात. ज्याचं उत्पन्न कराच्या खालीच आहे, त्याने पोटाला चिमटा काढून तोच हप्ता भरला तर त्याला काही मिळत नाही. आणि ज्याला हप्ताच परवडत नाही त्याचं नाव या कलमात शोधूनही सापडणार नाही. म्हणजे दवाखान्याचा खर्च ज्याला जितका सोसतो, तितकी त्याला सरकारची मदत जास्त. आता नवी करप्रणाली आली, तिच्यात ही सूट नाही. पण जुनी निवडायची मुभा आहे, आणि ज्याला जुनी फायद्याची त्याला ती निवडून देणारा माझ्यासारखा माणूस गल्लोगल्ली बसलेला आहे.

त्यातच आरोग्य तपासणीचे पाच हजार. ही रक्कम रोखीत दिलेली चालते आणि रिटर्नला बिल जोडावं लागत नाही. त्यामुळे माझ्याकडचं प्रत्येक बरं खातं वर्षातून एकदा तपासणी करून घेत होतं. म्हणजे कागदावर. “पाच हजार टाकून द्या,” समोरचा म्हणायचा आणि मी टाकायचो. धडधाकट माणसांच्या न झालेल्या तपासण्या मी शेकड्यांनी लिहिल्या आहेत. हे लिहिताना आज मान खाली जाते, तेव्हा जात नव्हती.

मी पॉलिसीही विकायचो. फेब्रुवारी-मार्चात पिशवीत फॉर्म घेऊन बारामतीच्या एमआयडीसीतले मॅनेजर, शाळा-कॉलेजातले सर, दुकानदार यांच्याकडे जायचो. कुणाचा कर किती बसतो ते मला ठाऊकच असायचं. त्या मानाने पॉलिसी सुचवायची. मला कमिशन, त्यांना सूट. एवढ्या वर्षांत ज्याला कर बसत नाही अशा एकाही घरात मी फॉर्म घेऊन गेलो नाही. काय सांगून विकणार होतो?

जुलै महिना होता. रिटर्नांची मुदत जवळ आलेली, जिन्यात माणसं बसलेली. दुपारच्या सुमाराला पस्तिशीची एक बाई वर आली. अंगावर कारखान्याचा निळा कोट, हातात शिवलेली कापडी पिशवी. नंबर येईपर्यंत उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“दवाखान्याच्या बिलांचं काम तुमीच करताय न्हवं?” तिने विचारलं.

“कसलं काम?”

“आमच्या कंपनीत हापिसातली मान्सं समदी बिलं गोळा करून ठिवत्यात. मी इचारलं कशाला, तर म्हनली, टॅक्समदनं पैसं सुटत्यात. माझ्याकडं बी हायेत. लई हायेत.” आणि तिने पिशवी टेबलावर उलटी केली.

बिलं होती खरीच. मेडिकलच्या चिठ्ठ्या, ऑपरेशनचं बिल, ॲम्ब्युलन्सची पावती, रक्ताच्या पिशव्यांच्या पावत्या. प्रत्येक गठ्ठ्याला बांगडीएवढं रबर लावलेलं. तारखेप्रमाणे लावलेले इतके स्वच्छ कागद माझ्या डॉक्टर पक्षकारांनी मला कधी दिले नाहीत.

तिचं नाव शालन. नवरा भारत. दोघंही लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात, पण कारखान्याच्या पटावर नाहीत. ठेकेदाराकडून. ती पॅकिंगला, तो गाड्या भरायला. मागच्या सप्टेंबरात माल उचलताना एका मोडक्या लाकडी पॅलेटचा खिळा भारतच्या चपलेतून आरपार तळव्यात गेला. कामावर बूट द्यायचे असतात, ते दिलेले नव्हते. मुकादमाने हळद दाबली आणि घरी पाठवलं. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. भारतला साखरेचा त्रास होता हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, कारण त्याच्या रक्ताची तपासणी जन्मात कुणी केलेली नव्हती. आठवड्यात पाऊल काळं पडलं. इंदापुरात सांगितलं, बारामतीला न्या. बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात आधी रक्कम भरा म्हणाले. सरकारी योजनेत बसलं असतं, पण यांचं रेशनकार्ड सासऱ्यापासून वेगळं करायचं राहून गेलेलं, नाव जुळेना. पैसे गोळा करायला शालन माहेरी गेली. त्यात तीन दिवस गेले. भारतचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली कापला.

हे तिने रडत-बिडत सांगितलं नाही. कुणीतरी पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी विचारलं, “पगार किती पडायचा दोघांचा?”

तिने सांगितला. मी पेन खाली ठेवलं. “ताई, ही सूट करातनं मिळते. तुम्हाला करच बसत नाही. जो भरलाच नाही त्यातनं सरकार काय सोडणार?”

तिने वरचं एक बिल उचलून उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, “म्हंजी हापिसातल्या सायबाच्या पोराला चष्मा लागला तर त्याला सूट, आन आमचा पाय गेला तर न्हाय?”

“चष्म्याला नाही मिळत. विम्याच्या हप्त्याला मिळते.”

“त्येच की वो. ज्याला पगार जास्ती त्याचा दवाखाना सस्ता. आमचा म्हाग.” ती बिलं परत पिशवीत भरायला लागली. “कायदा कुनी केला ह्यो?”

जिन्यातली माणसं ऐकत होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आधी तिचाच आला. सीझनमध्ये माझा वेळ घेते, वर मलाच जाब विचारते. कायदा मी केला होता का? पण एवढ्या वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारलेला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारलेला नव्हता. मी तिला कागद पिशवीत भरायला मदत करू लागलो. तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या पावतीला चिकटून आलेली एक छोटी चिठ्ठी हातात आली. भारतची पगाराची स्लिप.

माझी नजर अशा कागदावर आपोआप उजवीकडच्या रकान्यात जाते, जिथे कपाती असतात. तिथे लिहिलेलं होतं: कामगार विमा.

“ताई, कामगार विम्याचं कार्ड आहे का तुमच्याकडं?”

“कसलं कार्ड?”

“पगारातनं दर महिन्याला पैसे कापलेत याचे.”

“कापत्यात की. कशाचं ते आमाला काय ठावं? मुकादमाला इचारलं तर म्हनला, सरकारचं असतंय.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठरावीक मर्यादेच्या आतला पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकाने आपल्या पदरचे त्याहून जास्त घालायचे आणि दर महिन्याला विमा महामंडळाकडे भरायचे. मग कामगाराला कार्ड मिळतं. त्याच्यावर आणि घरच्यांवर उपचार होतात, खिशातून पैसा लागत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई असते, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम असते. ही मेहेरबानी नव्हे. भारतने त्याचे पैसे दिलेले होते, महिन्याच्या महिन्याला, पगार हातात पडायच्या आधी. कार्ड असतं तर तिसऱ्याच दिवशी तो बारामतीत पलंगावर असता आणि त्याची साखर पहिल्याच सुईत कळली असती.

स्लिपच्या डोक्यावर ठेकेदाराचं नाव होतं. त्याला मी इथे संपतशेठ म्हणतो. ते नाव वाचलं आणि मी शालनला म्हणालो, “हे सगळं इथं ठेवून जा. चार दिवसांनी या.”

ती म्हणाली, “मिळायचं न्हाय म्हनलाव न्हवं?”

“ते नाही. दुसरं काहीतरी आहे.”

ती गेल्यावर मी बाहेरच्यांना उद्या यायला सांगितलं आणि कपाटातून फाईल काढली. संपतशेठ माझाच पक्षकार होता, अकरा वर्षांचा. ऑडिटवर सही बारामतीच्या सीएंची, पण आकडे जुळवायचे माझ्याकडे. मला काय दिसणार ते मला ठाऊक होतं, तरी मी पानं उलटली. कामगारांकडून कापलेला, मुदतीत न भरलेला विमा. त्या वर्षी होता. त्याच्या आदल्या वर्षी होता. त्याच्याही आदल्या वर्षी होता.

आणि त्या आकड्याचं मी काय केलेलं होतं? कायदा सांगतो की असे कापून घेतलेले आणि वेळेत न भरलेले पैसे मालकाचं उत्पन्न समजा आणि त्यावर कर घ्या. मी ते दरवर्षी नेमाने त्याच्या उत्पन्नात मिळवले, कर काढला, चलन भरून घेतलं. नियमाप्रमाणे. चोरलेल्या पैशावर सरकारला कर मिळाला, संपतशेठचं रिटर्न बिनचूक झालं, मला फी मिळाली. त्या आकड्यामागे माणसं आहेत, त्यांच्याकडे कार्ड नाही, उद्या कुणाचा हात यंत्रात जाईल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. त्याच पानावर चार ओळी खाली संपतशेठची स्वतःची वजावट होती. तो, बायको, दोन मुलं, आई-वडील, सगळ्यांचा आरोग्य विमा, पूर्ण मर्यादेपर्यंत. ती पॉलिसी मीच विकलेली. आणि तपासणीचे पाच हजार.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीला त्याच्या ऑफिसात गेलो. माणूस गोड. चहा मागवला, आईची तब्येत सांगितली, गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात कसं विम्यात बसलं ते सांगितलं. मी पगाराची स्लिप टेबलावर ठेवली.

त्याने बघितली आणि म्हणाला, “भारत. वाईट झालं बिचाऱ्याचं. मी दिले होते काहीतरी दवाखान्यासाठी.”

“त्याचे कापलेले भरले असते तर द्यायची वेळ आली नसती.”

“मुलाणी, तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहे. कंपनी तीन-तीन महिने बिल काढत नाही. लेबरला मात्र दर दहा तारखेला पगार पाहिजे. मग जिथले पैसे हातात असतील ते फिरवायचे. सगळेच फिरवतात.”

“पगारातनं कापलेला पैसा तुमचा नव्हता.”

त्याने स्लिप माझ्याकडे सरकवली. मग अगदी शांतपणे म्हणाला, “आज सांगताय? दरवर्षी तुम्हीच तर तो आकडा टाइप करत होता.”

 मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, कामावरच्या इजेला किती महिने भरले हे बघत नाहीत. मालकाने भरलं नसलं तरी कामगाराचा हक्क जात नाही. तुम्ही सगळ्यांची नोंदणी करा, मागचं व्याजासकट भरा आणि अपघाताचा रिपोर्ट द्या. तो म्हणाला, इथून पुढचं भरतो, मागचंही हप्त्याहप्त्याने बघू. पण अपघाताचं नाव काढायचं नाही. “कंपनीला कळलं तर ठेका जाईल. चाळीस माणसांचं काम जाईल. त्यापेक्षा असं करू, भारत त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. घरी खिळा लागला.”

“आणि मी?”

“तुम्ही काय? तुम्ही माझे सल्लागार.”

मी फाईल घेऊनच गेलो होतो. ती त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, दुसरा माणूस बघा. त्याने मला जिन्यापर्यंत सोडलं, तेही अदबीने.  अकरा वर्षांचं खातं होतं, मोठं होतं, आणि बारामतीतली आणखी दोन-तीन खाती त्याच्या ओळखीने आलेली. ती त्याच दिवाळीच्या आत गेली. घरात बायको म्हणाली, एवढा शहाणपणा आधी सुचला असता तर. ती बोलली ते धंद्याविषयी, पण मला दुसऱ्याच जागी लागलं.

चार दिवसांनी शालन आली. मी तिला सगळं समजावलं. म्हणजे एक सोडून सगळं. ते आकडे माझ्याच हाताखालून जात होते, हे सांगितलं नाही. ठेकेदाराने भरलेलं नाही, एवढंच सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “अर्ज केला तर काम जाईल का माझं?”

“जाऊ शकतं.”

“जाऊंद्या,” ती म्हणाली. “तसं बी त्या पॅलेटवरनं रोज यावं-जावं लागतंय.”

काम गेलंच. अर्ज पोचल्याच्या पंधरवड्यात मुकादमाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मग ती दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत जायला लागली, आणि सुनावणीची तारीख असली की तेवढा दिवस सोडून माझ्याबरोबर पुण्याला विमा महामंडळाच्या कचेरीत यायची. इंदापूरच्या स्टँडवरून सकाळची एसटी, मांडीवर तीच पिशवी. साक्षीला कुणी येईना. भारतबरोबर गाडी भरणारे तिघं होते. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. एकाने तर खिळा उपसलेला. शालन तिघांच्या घरी जाऊन आली. खिळा उपसणारा म्हणाला, “वैनी, माझ्या पोरीचं लगीन हाय. मला न्हाय जमायचं.” तिने त्याला दोष दिला नाही. मी दिला, मनातल्या मनात, आणि मग वाटलं, मला काय अधिकार आहे?

संपतशेठने लेखी म्हणणं दिलं, की सदर इसम त्या तारखेला कामावर नव्हता.

तोड कागदातच निघाली, आणि ती काढता आली याचा मला आजही अभिमान आहे. सप्टेंबरची पगाराची स्लिप मी पुन्हा पुन्हा बघत होतो. त्यावर हजेरीचे दिवस छापलेले होते. शालनने कॅलेंडरवर नवऱ्याच्या प्रत्येक खाड्यावर फुली मारलेली, कारण पगारात गोंधळ व्हायचा. सुट्ट्या वजा जाता दोन्हीकडचे दिवस एकाशी एक जुळत होते, आणि ते खिळा लागला त्या दिवसाला धरूनच जुळत होते. तो दिवस गैरहजेरीचा धरला की एक दिवस कमी पडत होता. म्हणजे ज्या दिवशी भारत कामावर नव्हता असं शेठ लिहून देत होता, त्या दिवसाचा पगार त्याने स्वतः दिलेला होता. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, पाय सुजून माणूस खाटेवर पडलेला असताना, एकेक दिवस मोजून कापलेला होता.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी स्लिप आणि कॅलेंडर शेजारी-शेजारी ठेवून घेतलं. खरं कशावरून, म्हणून त्यांनी ठेकेदाराचं हजेरी-रजिस्टर मागवलं. पुढच्या तारखेला ते आलं. त्या तारखेपुढे ‘हजर’ होतं. नंतरच्या सगळ्या दिवसांपुढे गैरहजेरीची रेघ. संपतशेठचा वकील म्हणाला, लिहिताना चूक झाली असेल. अधिकारी म्हणाले, “चूक फक्त ह्याच एका दिवशी कशी?”

त्यालाही पुढे दीड वर्ष गेलं. मेडिकल बोर्डापुढे भारतला उभं केलं. नकली पाय काढून दाखवायला लावला, आणि अपंगत्वाचे टक्के ठरले. माणसाच्या पायाचे टक्के एका तक्त्यात ठरवलेले असतात, हे मला तिथे कळलं. जन्मभर टक्क्यांतच काम केलं, पण त्या खोलीत तो शब्द ऐकवेना. दरमहा रक्कम मंजूर झाली. दवाखान्याच्या खर्चातला काही भाग मिळाला, सगळा नाही, कारण दवाखाना यादीतला नव्हता. यादीतल्या दवाखान्यात कार्ड लागतं आणि कार्ड नव्हतं, हे मी तिथे तीनदा सांगितलं. ठेकेदाराला मागचं व्याज-दंडासकट भरावं लागलं. त्याच्याकडच्या सगळ्यांची नोंदणी झाली. खिळा उपसणाऱ्या त्या माणसाच्या मुलीलाही त्या कार्डावर औषधपाणी मिळालं असतं, पण तोवर लग्न होऊन ती दुसऱ्याच घरी गेलेली होती, आणि लग्न झालेली मुलगी बापाच्या कार्डात धरत नाहीत.

संपतशेठचा ठेका गेला नाही. चाळीस माणसांचं कामही गेलं नाही. त्याने दुसरा सल्लागार धरला. तो चांगला आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला. शेठच्या घरच्यांच्या विम्याची वजावट त्याच्या रिटर्नात आजही येत असणार, आणि कायद्याने त्यात काही चूक नाही. मला चीड येते ती नेमकी याची. कारखान्यातल्या साहेबाच्या हप्त्याला सूट देताना सरकारने त्याला एकदाही पुण्याला बोलावलं नाही, साक्षीदार मागितला नाही, तपासणी खरंच झाली का ते विचारलं नाही. एका रकान्यात आकडा टाकला की झालं. आणि ज्याने आपल्या पगारातून विमा भरला त्याला तो मिळायला दोन वर्षं, एक कर सल्लागार, एक कॅलेंडर आणि बायकोची नोकरी द्यावी लागली. याला कुणी आरोग्याची तजवीज म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. मी ती आतून बघितली आहे.

पहिली रक्कम खात्यात जमा झाली त्या आठवड्यात दोघं ऑफिसात आले. भारतला मी पहिल्यांदाच जिना चढताना बघितलं. एकेका पायरीवर थांबून, कठड्याला धरून. तो तसा कमी बोलणारा माणूस. शालनने टेबलावर द्राक्षाची पेटी ठेवली. भारत म्हणाला, “मुलाणीभाऊ, तुमी नसता तर आमाला कुनी दारात उभं केलं नसतं.”

मी फी घेतलेली नव्हती आणि त्याबद्दल ती दोघं माझे आभार मानत होती. दोन वर्षं मी ही वेळ टाळत आलो होतो. त्या दिवशी टाळता येईना.

मी म्हणालो, “भारत, जरा ऐका. शेठचं रिटर्न मी भरत होतो. तुमचे पैसे कापलेत आणि भरलेले नाहीत हे त्या कागदात दरवर्षी लिहिलेलं असायचं. तुमचा पाय जायच्या आधीपासून. ते मीच लिहीत होतो.”

 भारतला लगेच कळलं नसावं. त्याने बायकोकडे बघितलं. तिला कळलेलं होतं.

“तवाच का न्हाय सांगितलं?” शालनने विचारलं.

“माझ्या डोक्यातच आलं नाही. करापुरतं बघत होतो.”

“सांगितलं असतं तर पाय ऱ्हायला असता?”

“बहुतेक राहिला असता.”

भारत खाली बघत होता. त्याने हाताने नकली पाय थोडा सरळ केला, बसून अवघडला की करतो तसा. तो काही बोलला नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. शालन उठली. मला वाटलं, आता ही पेटी उचलून जाईल, आणि जावं असंच वाटत होतं. ती कपाटाशी गेली. काचेतून फायलींच्या पाठी दिसतात, त्यांवर नावं लिहिलेली आहेत.

“ह्यात आजून ठेकेदार किती हायेत?” तिने विचारलं.

मी मनात मोजले. “पाच.”

“त्यांच्यात बी लिवलंय का तसं?”

“बघावं लागेल.”

“मग बगा,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत नीट टेकून बसली. “दुसऱ्याचं कागद आमाला नगा दाखवू. पर आमी हितंच बसतू. तुमी बगा.”

मी किल्ली लावली. पाचांपैकी तिघांच्या फायलींत तो आकडा होता. त्याच खुर्चीत बसून, त्या दोघांच्या समोर, मी तिघांना एकापाठोपाठ एक फोन लावले.